‘शुभ’मध्ये बटण, ‘रोग’मध्ये बिल

त्या शनिवारी सकाळपासूनच असा उकाडा होता, की सुरतेच्या उधन्यातल्या आमच्या साड्यांच्या ऑफिसात पंख्याखाली बसूनही सदरा पाठीला चिकटत होता. मी तिथं चहा करतो. चहावाल्याला कोणी ‘जरा बाहेर जा’ म्हणत नाही, म्हणून किस्से आपोआप साठतात. एकट्या कम्प्युटरचेच केवढे झालेत!

तो उठायचाच फार सावकाश. बिलं करणारी वंदना बटण दाबायची तेव्हा मी चहाचं आधण ठेवायचो. चहा उकळून, पिऊन, कप विसळून झाले तरी पडद्यावर ते गोल चाक फिरतच असायचं. एक व्यापारी म्हणाला, "काका, यालाही अर्धा कप पाजा!"

*

शेठनी इलाज म्हणून कम्प्युटरच्या डब्याला अगरबत्ती ओवाळली. आतल्या पंख्यानं धूर ओढला आणि डबा घरघरू लागला. शेठ हात जोडून म्हणाले, "जोयुं? जीव आव्यो!"

*

शेठ चोघडियं, म्हणजे दिवसातल्या शुभ-अशुभ वेळा, पाहतात. दिवसाचं पहिलं बिल ‘शुभ’मध्येच निघायला हवं. पण बटण दाबायचं ‘शुभ’मध्ये आणि बिल निघायचं त्यानंतरच्या अशुभ ‘रोग’मध्ये, असं रोजचं होऊन बसलं. त्या शनिवारीही तेच. शेठ म्हणाले, "वंदनाबेन, तमारो हाथ भारे छे. सोमवारथी बीजी बेन जोई लईशुं."

कोसाडला वंदना माझ्या शेजारीच राहते. नवरा घरी असतो, तिच्याच पगारावर चूल पेटते. मी म्हटलं, "शेठ, बाईला काढण्याआधी मेकॅनिकला तर दाखवा."

*

दुपारी जिग्नेश मेकॅनिक आला. बघून म्हणाला, "शेठ, स्टार्टअप बंध करवुं पडशे."

शेठ ताडकन उठले. त्यांच्या मुलानं दिवाळीत धंदा काढलाय, त्यालाही घरात ‘स्टार्टअप’च म्हणतात. "मारा छोकराना स्टार्टअपने हाथ नै लगाडवानो!"

हा स्टार्टअप म्हणजे कम्प्युटरबरोबर आपोआप चालू होणारी अ‍ॅप्स, हे जिग्नेशनं शेठना समजावून सांगेपर्यंत माझा दुसरा चहा झाला.

*

मग त्यानं पडद्यावर दाखवलं. बटण दाबलं की कितीजण आपोआप उठायचे! गाण्यांचं एक, फोटोंचं एक, व्हायरस पकडणारे दोन, तेही एकमेकांवरच नजर ठेवून! आणि सगळ्यात पुढं कोण? शेठनी हौसेनं घातलेलं चोघडियं!

मी विचारलं, "अरे, हे सगळे सकाळी उठून करतात काय?"

"कंई नै काका. फक्त उठीने बेसे छे."

त्यानं एकेकाचं आपोआप उठणं बंद केलं. चोघडियाची पाळी आली तेव्हा शेठनी डोळे मिटून घेतले. "पाप तने लागशे," म्हणाले.

*

सोमवारी वंदनानं बटण दाबलं. माझं आधण अजून कोमटच होतं, आणि पडदा लख्ख उघडला! बिल ‘शुभ’मध्ये निघालं. शेठ म्हणाले, "वंदनाबेन, तमारो हाथ तो बहु हळवो छे!" शनिवारचा जड हात सोमवारी हलका झाला, आणि दुसऱ्या बाईचं नाव पुन्हा निघालं नाही.

*

संध्याकाळी वंदना बाजारात थांबली, म्हणून नोकरी टिकल्याची बातमी मीच तिच्या सासूला, शांताबाईंना सांगायला गेलो. दार उघडं होतं. आत त्यांचा मुलगा, म्हणजे वंदनाचा नवरा, खाटेवर घोरत पडला होता.

मी सावकाश सगळं सांगितलं. "शांताबाई, दोष वंदनाचा नव्हताच. त्या मशीनमध्ये काही जण नुसते सकाळी उठून बसायचे, काम काही नाही. त्यांच्यामुळं बाकीच्यांचा खोळंबा!"

शांताबाईंनी खाटेकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडचे निदान उठून तरी बसतात!"