कपाटातली तुळस

शाळेचे किस्से जपावे लागत नाहीत. अडगळीसारखे आपोआप साठतात, आणि एक काढायला गेलं की चार अंगावर येतात. आमच्या हैदराबादच्या मराठी शाळेत तर छप्पन साली भाषावार प्रांत होऊन हैदराबाद राज्य मोडलं त्या वर्षीच अर्धे साठले. औरंगाबादला मुंबई राज्यात जायचं की इथेच आंध्रात राहायचं, एवढा एकच प्रश्न होता. स्टाफरूममध्ये लोक सकाळी जायचं ठरवत आणि दुपारच्या चहाला राहायचं.

मला ठरवायची सोयच नव्हती. नवरा सिकंदराबादला रेल्वेत. मराठीतून सायन्सचा माझा वर्ग बंद झाला तर मी औरंगाबादला आणि तो इथे. वर्ग ठेवायचा की नाही, ते नवे इन्स्पेक्टर येऊन ठरवणार होते.

*

मी स्वतः शिकले उर्दूतून. झाड उन्हात अन्न तयार करतं त्याला आम्ही ‘ज़ियाई तालीफ़’ म्हणायचो. आता शिकवायचं होतं ‘प्रकाशसंश्लेषण’. पहिल्याच दिवशी मी दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले.

मलकपेठची एक मुलगी उठली. “बाई, झाडाला यातलं कोणतं माहीत आहे?”

मी म्हटलं, “बस खाली.”

*

इन्स्पेक्टरांना प्रयोग दाखवायचं ठरलं. झाड आधी दोन दिवस अंधारात ठेवायचं, म्हणजे पानातलं अन्न संपतं. शाळेत कुंडीतलं झाड एकच, संस्कृतच्या शास्त्रीबुवांची तुळस. हेडमास्तरांनी ती मागून आणली, मी कपाटात ठेवली.

चपराशी म्हणाला, “झाड को कैद में डाल दिए क्या, बाई?”

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर आत हळदकुंकू, आणि विझलेली पणती.

“बुवा, अंधार हवा होता!”

“हो ना,” शास्त्रीबुवा म्हणाले, “म्हणूनच दिवा लावला.”

पुन्हा दोन दिवस. या वेळी किल्ली माझ्या पदराला.

*

मग हिरवा रंग जावा म्हणून पान स्पिरिटमध्ये उकळायचं, हे बुवांना कळलं.

मी म्हटलं, “काढ्यासाठी तुम्हीही उकळताच की.”

“काढ्यात दारू नसते, बाई.”

मी हेडमास्तरांना बोलावून आणलं. एकच पान खुडायचं, या अटीवर बुवा राजी झाले.

*

इन्स्पेक्टर आले ते कर्नूलचे. त्यांना मराठी येत नव्हती, उर्दूही नाही. हेडमास्तर इंग्रजीत सांगत होते.

तुळस सकाळपासून अंगणात उन्हात, एका पानावर काळ्या कागदाची पट्टी. पट्टीखाली ऊन पोचत नाही, म्हणून तिथे अन्न नाही. आयोडीन टाकलं की तेवढा भाग सोडून बाकीचं पान काळंनिळं होणार. मुलांनी हे घडाघडा म्हणून दाखवलं. मी पान खुडलं, उकळलं, आयोडीन टाकलं.

सगळंच पान काळंनिळं झालं.

नवऱ्याचा डबा कोण करणार, एवढंच डोक्यात आलं.

मागून शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले, “सकाळी पूजेला पट्टी सोडली होती. साहेब यायच्या आत परत बांधली. डोळे बांधल्यासारखी दिसत होती हो ती.”

हेडमास्तरांनी घाम पुसत तेवढंही इंग्रजीत सांगितलं.

इन्स्पेक्टर अंगणात गेले. बूट काढले, तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि बुवांना तेलुगूत काहीतरी विचारलं. बुवांना तेलुगूचं अक्षर येत नव्हतं. त्यांनी मराठीत उत्तर दिलं. दोघं कुंडीपाशी उभे राहून बराच वेळ बोलले.

वर्ग राहिला.

“बुवा, काय विचारत होते ते?”

“कुणास ठाऊक,” बुवा म्हणाले. “पण मी हो म्हटलं.”