कडेची जागा

प्रवासात खिडकी सोडायची नाही, हा माझा जुना बाणा. बँकॉकच्या कालव्यातून धावणाऱ्या लांबट बोटीतही मी बायकोला आत सरकवून कडेची जागा पटकावली. तेवढ्यात समोरून दुसरी बोट गेली आणि काळपट पाण्याचा सपकारा आमच्यावर आला. मी चरफडत तोंड पुसू लागलो. मागच्या बाकावर भाजीची पिशवी घेऊन एक बाई बसल्या होत्या. त्याही भिजल्या होत्या. त्यांनी हसत माझ्या डोक्याशी लोंबणारी दोरी दाखवली. ती ओढली की बाजूचा प्लॅस्टिकचा पडदा वर येतो, आणि ओढायचं काम कडेला बसणाऱ्याचं.

"अहो, बघताय काय नुसते? ओढा की!" बायको म्हणाली.

मग मी ओढू लागलो. बोट दिसली की पडदा वर, गेली की खाली. आपल्याकडे खिडकीवाला म्हणजे राजा. वारा त्याचा, देखावाही त्याचाच. इथे त्याला आधी बाकीच्यांना कोरडं ठेवायचं असतं. देखावा उरल्यासुरल्या वेळात. काठावरची घरं, वाळत घातलेले कपडे, सगळं मी तुकड्यातुकड्यांनी पाहिलं, पण चुकल्याचुकल्यासारखं काही वाटलं नाही.

आमचा धक्का आला. मागे वळून पाहिलं, तर पिशवी मांडीवर घेऊन बाईंना छान डुलकी लागली होती. माझ्या जागेवर येणाऱ्या माणसाच्या हातात दोरी दिली आणि मगच उतरलो.