गर्दीच्या दिवसाचं तिकीट

संग्रहालयाच्या तळघरात तिकिटांची कचेरी होती, आणि तिथल्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसणाऱ्या बाईला सगळे सवडबाई म्हणत. तोंडावर म्हणत नसत, पण तिला ठाऊक होतं आणि मनातून ते नाव आवडतही होतं. कुठल्या गटाला कुठल्या वेळेचं तिकीट द्यायचं, कुणाला कुठल्या दाराने आत घ्यायचं, कोण आधी जिना चढणार आणि कोण आधी खालची दालनं बघणार, हे ठरवणं तिचं काम. वर मुंगीला शिरायला जागा नसली तरी ही बाई खाली बसून शाळेच्या अख्ख्या वर्गाला सवड काढून द्यायची. वरचे पहारेकरी म्हणत, "उंटावरून शेळ्या हाकते झालं." म्हणोत बापडे. शेळ्या रांगेत चालत होत्या, हे त्यांनाही दिसतच होतं.

देशोदेशीची माणसं यायची ती एकाच चित्रासाठी. चित्र तसं ताटाएवढंच. अंधाऱ्या दारात एक बाई उभी आहे आणि तिच्या हातात कंदील आहे, बस्स. लोक तिला कंदीलवाली म्हणत. कंदील पेटलेला आहे की नुकताच विझलाय, यावर जाणकारांचे वाद होते, आणि त्या वादापायी रांग आणखीच लांबली होती. कंदीलवाली छत्र्यांवर होती, पिशव्यांवर होती, बिस्किटांच्या डब्यांवर होती. पण छपाईत कंदिलाची वात काही दिसत नसे. ती बघायची तर चित्रासमोरच्या दोरापाशी स्वतः जाऊन उभं राहावं लागे. म्हणून दार उघडलं रे उघडलं की सगळे तिकडेच धावत. सवडबाईची युक्ती साधी होती. ती आपले गट उलटे पाठवायची. आधी मातीची भांडी, मग नाणी, मग ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही ती लढायांची भलीथोरली चित्रं, आणि लोक जेवायला पांगले की कंदीलवाली. फोनवर तिचं एक वाक्य ठरलेलं असे. "सुट्ट्यांच्या दिवसांत येऊ नका हो. नुसती डोकी बघून परत जाल."

सवडबाईची आई याच इमारतीत फरशी पुसायची. उभा जन्म पुसली. नवरा लवकर गेला, आणि फडकं, बादली आणि मुलगी या तिन्ही गोष्टी तिने एकटीने सांभाळल्या. पहाटे जायची आणि दारं उघडायच्या आत मागच्या दाराने बाहेर पडून मुलीच्या शाळेच्या वेळेला घरी यायची. वेणी घालून घेताना मुलगी विचारायची, "आई, तो कंदील पेटलेला आहे का गं?" आई म्हणायची, "पेटलेला आहे. चांगला लख्ख. मान हलवू नकोस." मुलगी वर्गात छाती काढून सांगायची की माझी आई रोज बघते, पेटलेलाच आहे. पुढे तिला तिथेच नोकरी लागली, तेव्हा आईने पेढेबिढे वाटले नाहीत, कौतुकाचे चार शब्दही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "तू पुढच्या दाराने जात जा."

आता आईची छाती थकली होती. पलंगापासून खिडकीपर्यंत गेली तरी भाता फुंकल्यासारखा श्वास चालायचा. डॉक्टरने मुलीला बाहेर बोलावून सांगितलं, "कुठे न्यायचं असेल तर आत्ताच न्या. पुढचं मी सांगू शकत नाही." असल्या बोलण्याचा अर्थ काय, हे सांगायला आणखी कुणी लागत नाही. मुलगी मोरीत जाऊन नळ सोडून रडली, तोंड धुतलं आणि आईपाशी येऊन बसली.

"आई, तुला कुठे जायचंय का?"

आईने आजवर काही मागितलं नव्हतं. तिला वेळ लागला.

"कंदीलवालीला बघायचंय."

मुलीला हसू आलं आणि भरूनही आलं. जन्मभर बघितली तरी पुन्हा तीच! पण ही गोष्ट तर तिच्या हातातली होती. लोकांना तिने जन्मभर सवड काढून दिली. आईला अशी देऊ, की राजालाही मिळाली नसेल. आठवड्याच्या बंदच्या दिवशी संग्रहालय साफ करतात, लोक नसतात. ती मुख्य पहारेकऱ्याला भेटली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा म्हणून त्याला किल्लीदार म्हणत. नोकरीला लागला तेव्हापासून तो तिच्या आईला ओळखत होता. "मावशींसाठी ना? मग विचारतेस काय," तो म्हणाला.

बंदच्या दिवशी चाकांच्या खुर्चीतून तिने आईला मागच्या दाराने आत नेलं. उंबरठ्यापाशी आई खाली वाकली आणि बुटांचे बंद सोडायला लागली. साफसफाईच्या माणसांना आत बूट चालत नसत, कापडी सपाता घालाव्या लागत; हाताला ती सवय होती.

"अहो मावशी, राहू द्या," किल्लीदार म्हणाला. "आज तुम्ही पाहुण्या."

कंदीलवालीच्या दालनात फरशी पुसायचं काम अर्धवट थांबवलं होतं. पुसणाऱ्या बाया आणि दोन बाप्ये भिंतीला लागून उभे होते, फडकी हातात, बादल्या पायाशी. चित्रावर कापड होतं. फरशी ओली करायची असली की आधी चित्र झाकायचं आणि सगळं वाळून माणसं बाहेर गेली की मगच उघडायचं, हा तिथला जुना नेम. किल्लीदाराने पुढे होऊन कापड बाजूला केलं आणि दिवाणखाना दाखवावा तसा हात केला.

आईने मान वर केलीच नाही. ती फरशीकडे बघत होती, मग भिंतीला लागून उभ्या असलेल्या बायांकडे. त्यांतली एक मनगटाने घाम पुसत होती.

"झाका ते," आई म्हणाली.

"अगं, बघ ना आई. तुझ्यासाठी उघडलंय."

"त्यांचं काम खोळंबलंय. झाका आधी. आणि मला घरी ने."

घरी येऊन आईला पलंगावर टेकवलं आणि मुलीचा बांध फुटला. "ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं! किती जणांपुढे शब्द टाकला मी. अख्खं दालन रिकामं करून दिलं तुला. लोक जीव टाकतात असल्या सवडीसाठी."

"रिकामं दालन मला नवीन आहे होय?" आई म्हणाली. तिला धाप लागली होती, ती ओसरेपर्यंत थांबली. "मी तिला बघितलेलीच नाही गं."

"काय?"

"आम्ही आत असलो की ती झाकलेली. ती उघडली की आम्ही बाहेर. कधी बघणार?"

चित्र झाकतात हे मुलीला ठाऊक नव्हतं थोडंच? कापड निघाल्याखेरीज पहिल्या गटाला सोडायचं नाही, हे तीच रोज बघायची. रोज बघायची आणि कापड टाकतात तेव्हा दालनात कोण असतं, एवढा साधा विचार तिच्या मनाला कधी शिवला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"मग सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून का नाही गेलीस?"

"गेले होते ना. तू पाळण्यात होतीस, शेजारणीकडे ठेवलं होतं तुला. चांगले कपडे घालून रांगेत उभी राहिले. दारापर्यंत आले, आणि आमच्या मुकादमाने ओळखलं. म्हणाला, बरी सापडलीस, आज एक जण आलेली नाही. हाताला धरून रांगेतून काढलं आणि मागच्या दाराने नेऊन बादली दिली हातात. सगळे बघत होते." तिने पांघरुणाची घडी सारखी केली. "मग नाही गेले परत. मला रांगेत उभं राहायचंय. तिकीट काढून, सगळ्यांच्यात. गर्दीचा दिवस असू दे."

आता शहाण्या माणसाने उठावं आणि दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढावं. पण जन्मभर ज्याच्या हाती सवड शोधायचं काम, तो घाई कशी करणार? सवडबाई कचेरीत बसून दिवस चाळू लागली. हा नको, या दिवशी शाळा आहेत; तो नको, त्या दिवशी बंदराला मोठी बोट लागते. सुट्ट्या सुरू झाल्या आणि रांग चौकातून वळून पलीकडच्या गल्लीत गेली. तिकडे आईचं खिडकीपर्यंत जाणंही बंद झालं. मुलगी रोज संध्याकाळी तिची समजूत घालायची, "सुट्ट्या संपू देत. पुढच्या महिन्यात चांगली सवड आहे."

एका संध्याकाळी आई म्हणाली, "तुझ्याकडे असेल. माझ्याकडे नाही."

मुलीने सकाळी कचेरीत जाऊन दोन तिकिटं काढली, अख्ख्या सुट्ट्यांतल्या ज्या दिवशी येऊ नका म्हणून ती लोकांना हात जोडून सांगायची, त्याच दिवसाची.

त्या दिवशी पहाटेपासून रिमझिम होती. रस्ते ओले, छत्रीला छत्री लागलेली, त्यांतल्या निम्म्यांवर कंदीलवालीच. बाजूच्या दाराशी उभ्या पहारेकऱ्याने चाकांची खुर्ची पाहून हात केला, इकडून या, म्हणून. आईने खुर्चीचा हात घट्ट धरला. "नको. मी रांगेतूनच येणार." मुलगी रांगेत उभी राहिली. रांग गोगलगाईसारखी सरकत होती आणि आईचा श्वास तिला पाठीमागूनही ऐकू येत होता. क्षणोक्षणी वाटायचं, आत्ता परत फिरावं, हा वेडेपणा आहे, इथे काही झालं तर मी स्वतःला तोंड दाखवू शकणार नाही. पण आई मान उंच करून पुढे बघत होती. तिने ठेवणीतला कोट घातला होता आणि बूट पॉलिश करून घेतले होते.

पुढच्या छत्रीखालची एक बाई वळून म्हणाली, "आजी, पहिल्यांदाच का?"

"हो," आई म्हणाली. "पहिल्यांदाच."

मुलीने मान फिरवली आणि पावसाकडे बघत राहिली.

दाराशी तिकीट बघणाऱ्या पोराने तिकीट बघून "या" म्हटलं. कुणी ओळखलं नाही, हाताला धरलं नाही. आत दालनात ती फोनवर सांगायची तेच होतं, नुसती डोकी. खुर्चीत बसलेल्या आईच्या डोळ्यांपुढे लोकांच्या पाठी आणि पिशव्या. "उभी कर मला," आई म्हणाली. मुलीने खुर्ची भिंतीशी लावली आणि तिला कमरेला धरून उभं केलं. जन्मभर आई या दालनात भिंतीच्या कडेने चालली होती, पुसलेल्या फरशीवर पाऊल पडू नये म्हणून. आज ती मधून चालली. मागून रेटा येत होता. कुणीतरी म्हणालं, "अहो, आजींना पुढे सोडा." तर ही म्हणते कशी, "नको नको. माझा नंबर येईल तेव्हा बघेन." मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यातच तिला हसूही फुटलं.

दोराशी किल्लीदार उभा होता. मावशींना पाहून त्याचा चेहरा हलला, पण तो पुढे आला नाही. आईने दोराला एक हात लावला आणि मान वर केली. मुलीने चित्राकडे बघितलंच नाही. तिला आईचा चेहरा बघायचा होता. तो इतका तरुण झालेला तिने कधी पाहिला नव्हता. ओठ थोडे उघडे होते, आणि धाप लागलेली असूनही ती श्वास घ्यायचं विसरल्यासारखी उभी होती.

किल्लीदार इतरांना म्हणतो तेच म्हणाला. "चला, पुढे चला. मागच्यांनाही बघू द्या."

"हो, हो," आई म्हणाली, आणि सगळ्यांसारखी पुढे सरकली.

डॉक्टरचं बोलणं खरं ठरलं. त्यानंतर ती घराबाहेर पडली नाही. पण त्या दिवशी दालनाच्या दुसऱ्या टोकाच्या बाकावर बसून तिने बराच वेळ दम खाल्ला, मुलीचा हात मांडीवर घेतला आणि म्हणाली, "तुला मी खोटंच सांगत होते गं. विझलेला आहे."

"असू दे, आई."

"उजाडलं असेल ना तिच्याकडे," आई म्हणाली. "मग कशाला जाळायचा."

ज्या वाटेने आल्या तिकडे तिने वळून पाहिलं. दारापासून दोरापर्यंत सगळी फरशी ओल्या बुटांच्या ठशांनी भरली होती, एकावर एक, चिखलासकट. तिचा हात कोटाच्या खिशातल्या रुमालाकडे गेला. मग तो तिथेच थांबला. ती वाकून निरखत होती. त्यांतले आपले कुठले, ते तिला ओळखता येईना.