पंपाचा कार्बोरेटर लावलेल्या बोटीतून माहेरी

मी घाबरट बाई आहे. रेल्वे पुलावर आली की मी अजूनही पाय वर घेऊन बसते. तरीही मागच्या लेखाखाली बऱ्याच जणांनी विचारलंय, गोंदियाकडचे तलाव बोटीतून बघता येतात का? येतात. मी बघितला एक. डोळे घट्ट मिटून जेवढा दिसतो तेवढा.

निमित्त माझी धाकटी बहीण रेखा. तिला अर्जुनी मोरगाव तालुक्यात दिली आहे. पहिलंच बाळंतपण, सातवा महिना, तिला माहेरी वर्ध्याला आणायचं होतं. आईचे गुडघे गेलेले, म्हणून मी निघाले. वर्ध्याहून गोंदिया आणि तिथून बल्लारशाच्या गाडीनं अर्जुनी. गोंदियाला स्टेशनबाहेर पोहे खा आणि "भैया, तर्री और डालो" म्हणा, तो कुरकुर न करता घालतो. सौंदड गेलं की खिडकीतून कापणीला आलेला धान आणि मधूनमधून तलाव दिसत राहतात. इथपर्यंत प्रवास छान आहे, कुणीही करावा.

अर्जुनीहून गावाकडे जाणारा रस्ता मात्र तलावाला भलामोठा वळसा घालतो, आणि त्याला रस्ता म्हणायला मन मोठं लागतं. ऑटोत माझं डोकं छताला इतक्यांदा आपटलं की शेवटी मी ते हातानं धरूनच बसले. गावाचं नाव सांगत नाही. पुढे आमच्या जावयाच्या अब्रूचा प्रश्न आहे.

रात्री मासोळीचा रस्सा आणि भात. दिलीपराव, म्हणजे रेखाचे यजमान, जेवताना त्यांच्या बोटीचं कौतुक सांगत होते. पत्र्याची बोट, मागे दोन सिलिंडरची जुनी मोटर, भंगारातून आणून स्वतः उभी केलेली.

"दोन कार्बोरेटर रायतेत तिले, ताई. खालचा फुटला होता. मंग मी धानाच्या पंपाचा काढून बसवला. मस्त पळून राहिली."

"एक बोटीचा आणि एक पंपाचा? दोघांचं जमतं का?"

"पळाले जमते. हळू केली का बंद पडते. पंपाले हळू चालाचं कामच नाही ना. एकदा लावला का धानाची बांधी भरेपर्यंत एकाच चालीनं चालते तो."

मी हसले आणि आणखी भात घेतला. मी कुठे त्या बोटीत बसणार होते.

सकाळी रेखानं मला गोठ्यामागे ओढलं. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. "ताई, काल रात्रीपासून बाळ हाललं नाही. गूळ खाल्ला, कुशीवर झोपले, काहीच नाही." दिलीपरावांना बोलावून सांगितलं. डॉक्टर अर्जुनीला. ऑटो बोलावून यायचा केव्हा, आणि त्या रस्त्यानं हिला न्यायची कशी? तलाव ओलांडला की पलीकडे काठालाच डांबरी सडक आणि ऑटो. रेखाच म्हणाली, "बोट काढा."

तिच्या सासूबाईंना खरं कारण सांगितलं नव्हतं. त्या दारात आडव्या आल्या. "पोटुशीले पाण्यावरून कायले नेता?" दिलीपराव म्हणाले, "रस्त्यानं हादरे बसतीन, माय." त्यांनी ऐकलं, पण नजर लागू नये म्हणून लोखंडाचा अडकित्ता रेखाच्या ओटीत खोचला, तेव्हाच आम्हाला सोडलं.

बोटीत लाइफ जॅकेट नव्हतं. तेलाचे दोन रिकामे डबे होते, दिलीपरावांनी ते दोरीनं रेखाच्या काखेखाली बांधले. मला काही बांधलं नाही आणि मी मागितलंही नाही. मोटर सुरू झाली ती थेट किंचाळतच. धुकं, गार वारा, अंगावर उडणारं पाणी. मी फळी धरून जेवढे देव आठवले तेवढ्यांना बोलावलं.

मध्यावर पाण्यात बुडालेल्या झाडांचे खुंट आहेत, काळे, पाण्यावर जेमतेम वीतभर आलेले. तिथून सावकाशच जावं लागतं, एक खुंट लागला तर पत्रा फाटतो. एरवी दिलीपराव तेवढं अंतर बांबूनं रेटत नेत. यंदा पाऊस लांबला, पाणी चढलेलं. त्यांनी मोटर हळू केली, ती दोन उचक्या देऊन मेली. बांबू टाकला, तो तळाला लागलाच नाही.

मग तो आवाज ऐकू आला. उजवीकडे सांडवा वाहत होता, तलाव भरला की जादा पाणी जिथून खाली कोसळतं तो. वाऱ्यानं बोट तिकडेच सरकत होती. दिलीपराव दोरी ओढत होते, मोटर पेटत होती, हळू केली की पुन्हा मरत होती. पेट्रोलचा वास डोक्यात गेला. मला रडू यायला लागलं आणि मी ते लपवलंही नाही.

"अहो, त्या पंपाच्या कार्बोरेटरचं पेट्रोल तोडा," रेखा म्हणाली. शेतात पंप तीच चालू-बंद करते. "कॉक बंद केला का मरते ना तो? मग खालचा मरू द्या. वरच्या एकावर चालवा."

खालच्या कार्बोरेटरला कॉक नव्हता, नुसती रबरी नळी. दिलीपरावांचे दोन्ही हात दोरी आणि सुकाणूच्या दांड्यात अडकलेले. रेखाला वाकता येत नव्हतं. राहिले कोण? मी.

"हा अडकित्ता घे," रेखा म्हणाली.

"आणि नळी कापली तर?"

अडकित्ता तिच्याकडेच ठेवून मी नळी हातानं मुडपली आणि अंगठ्यानं दाबून धरली. मोटर पुन्हा पेटली, धूर ओकली, आणि मग अर्ध्या जिवानं, लंगडत, पण हळू चालायला लागली. खुंट एकेक करून बाजूनं जात होते. सांडव्याचा आवाज मागे पडेना. अंगठा आधी दुखला, मग बधिर झाला. सोडला असता तर काय झालं असतं, ते मी अजूनही मनात पुढे जाऊ देत नाही.

रेखानं माझा मोकळा हात ओढून पोटावर ठेवला. "बघ ना, ताई. लागतंय का काही?"

काहीच लागत नव्हतं. मोटरच्या थरथरीशिवाय काही नाही. मी म्हटलं, "मोटरमुळे कळत नाही गं." खोटं होतं ते. मला चांगलं कळत होतं.

काठ आला. नळी सुटली, माझा अंगठा काही सरळ होईना. ऑटोवाल्याला दिलीपराव म्हणाले, "हळू घे भाऊ, बाई पोटुशी हाय." त्यानं मान हलवली आणि सडकेवर चढायच्या आधीचा एकुलता एक खड्डा धाडकन घेतला. रेखा "आई गं" म्हणाली आणि तिच्या पोटावरच्या माझ्या हाताला आतून एक लाथ बसली. मग दुसरी. रागावलेली, जोरदार. ज्या हादऱ्यांच्या भीतीनं आम्ही पाण्यात उतरलो, त्यातल्याच एकानं बाळाला जागं केलं. ऑटोत आम्ही तिघंही रडलो. डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकवले, बाळ झोपलं असेल म्हणाल्या, दोन दिवस ठेवून घेतलं आणि मग गाडीनं जायला परवानगी दिली.

कुणी जाणार असाल तर धान पिवळा असताना जा, मासोळी खा, तलाव काठावरून बघा. बोटीत बसायचंच असेल तर आधी ती हळू चालवून दाखवायला सांगा.

मुलगी झाली. आता दोन महिन्यांची आहे. परवा दिलीपरावांचा फोन आला, दोन्ही कार्बोरेटर एकाच जातीचे बसवलेत, आता हळूबी चालते, दोघींना न्यायला येतो. मी म्हटलं, रस्त्यानं न्या, अन् खड्डे चुकवू नका.

पोर झोपली की घर शांत होतं आणि मला तो सांडवा ऐकू यायला लागतो. मग मी उठते, दुपट्यात हात घालून तिच्या तळव्याला हळूच टिचकी मारते. आई चिडते, "झोपल्या पोरीला कशाला छळतेस?" लाथ बसेपर्यंत हात तिथेच ठेवते.