संगीताताईंचं पॅकेज

पॅकेज पाठवण्याआधी संगीताताई त्यातल्या फाइलींची नावं मोठ्यानं वाचायच्या. खुर्सीपारच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात ती हजेरी सगळ्यांनाच ऐकावी लागे. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा, कारण त्या फाइलींतला कोड माझा असायचा.

ट्रक तोलायच्या काट्यांचं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. मूळ कोड गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, त्याचा बाइटकोड, म्हणजे फक्त मशीनला वाचता येणारं रूप, करून द्यायचा, असा मालकांचा नियम. आमचा कोड पायथन या भाषेत असे, आणि बाइटकोड पायथनच्या ज्या आवृत्तीवर बनवला, तिच्यावरच चालतो. म्हणून ताई प्रत्येक फाइलीच्या नावात पायथनच्या आवृत्तीचा आकडा घालत आणि नाव हातभर लांब होई.

"एवढं लांब कावून, ताई? मशीनले तर कळते," मी एकदा कुरकुरलो.

"मशीनले कळते रे, मशीन बदलवणाऱ्याले नाही कळत. आमच्या बाबांनी बिना पत्त्याचं पार्सल कधी गाडीत चढू देलं नाही." बाबा दुर्गला रेल्वेत पार्सलबाबू होते.

गिऱ्हाइकं मात्र आमच्या सॉफ्टवेअरला 'मॅडमवाला सॉफ्टवेअर' म्हणत. लिहायचं मी, बांधायचं ताईंनी, आणि नाव त्यांचं. मी जळायचो. त्या माझ्यासाठी आठवणीनं गरम आलूगुंडा, म्हणजे आमच्याकडचा बटाटेवडा, मागवत, तेव्हा तर जास्तच.

नागपूरच्या एका नोकरीसाठी आम्ही दोघांनी अर्ज केला. निवड कोणाची झाली, हे सांगायला नकोच. निघताना ताई म्हणाल्या, "उतईच्या काट्यावाल्या सेठचं कम्प्युटर मशीन बदलून राहिलं. जुन्या-नव्या दोन्ही पायथनच्या फाइली मी पॅकेजात ठेवल्या. सुरू करायची फाइल मशीन पाहून त्यातली बरोबर ती आपोआप निवडते. तुले जा लागणार नाही."

मला तर जायचंच होतं. काटा अडावा, सेठनं मला बोलवावं आणि हे सगळं मी लिहिलंय हे एकदा तरी त्याला कळावं, एवढीच माझी इच्छा होती.

मशीन बदललं त्या दिवशी मी लॅपटॉप बॅगेत भरून, स्कूटरची किल्ली समोर ठेवून बसलो. दुपारी सेठचा फोन आला.

"भैया, नया कम्प्यूटर लग गया. पहली बार में चल गया. मॅडम को बोल देना."

बॅग तशीच ठेवून मी ताईंना फोन लावला. "उतईचं चाललं," एवढंच म्हटलं.

"चालणारच. कोड कोणाचा आहे?" ताई म्हणाल्या.

हेही त्यांनीच म्हणावं, याचा मला इतका हेवा वाटला की धन्यवाद म्हणायचं राहूनच गेलं.