देवाचे डोळे उघडले

आमच्या गावामागच्या टेकडीत एक लेणं आहे. मोहन्याच्या नाक्यावरून रिक्षा केली की थेट पायथ्याशी उतरता येतं, तरी फारसं कुणी फिरकत नसे, आणि तेच त्याचं नशीब होतं. पुढे दोन खांब, आत पिंडी आणि मागच्या भिंतीत कोरलेला ध्यानस्थ शंकर. नाक झिजलेलं, एक हात कोपरापासून गेलेला, पण डोळे शाबूत आणि मिटलेले. पापण्या अशा अलगद टेकवल्यात की तो शांतपणे श्वास घेतोय असं वाटायचं.

आईची नजर काचबिंदूने गेली. नंतर शेतं गेली, बांध गेले, त्या जागी टॉवर आले. दारातून पाऊल टाकलं की पेव्हर ब्लॉक, आणि कुठल्या वळणावर कुणाचं घर, हे तिला कळेनासं झालं. हाताने ओळखावं असं तिला गावात हे लेणं एकच उरलं. मी डोंबिवलीहून माहेरी आले की ती हट्ट धरायची, देवाकडे ने. तिथे ती आधी कपाळ चाचपायची, मग झिजलेलं नाक, आणि शेवटी अंगठ्याने त्या पापण्या.

"ह्याचं न माजं बरं जमतं गो," ती हसायची. "दोगांना पन दिसत नाय."

हे सुख कमिटीला बघवलं नाही. कमिटी म्हणजे माझा चुलत भाऊ आणि त्याच्या हो ला हो करणारे चौघे. जमीन विकून गळ्यात साखळी आली की माणसाला देवळाचं अध्यक्षपद आपोआप चिकटतं. ठाण्याच्या कुणा वास्तुवाल्याने त्यांच्या डोक्यात भरवलं की देव झोपलेला आहे, म्हणून गावातल्या पोरांची लग्नं जमत नाहीत. पोरं दिवसभर नाक्यावर बुलेट उडवतात, ते राहिलं बाजूला. झाला जीर्णोद्धार! सरकारदरबारी आमचं लेणं कुणाच्या खिजगणतीत नाही, त्यामुळे अडवणारंही कुणी नव्हतं.

मी आईला घेऊन गेले ते हे सगळं उरकल्यावर. दगडी पायऱ्यांवर बाथरूमच्या टाईल्स. खांबांना सोनेरी ऑइलपेंट. दारावर फ्लेक्स, त्यात देव अंगठ्याएवढा आणि भाऊ पुरुषभर उंच. आत शंकर निळाशार. मिटल्या पापण्यांवर पुट्टी भरून, वर चांदीचे टपोरे डोळे चिकटवलेले. ज्याने जगाकडे बघणं सोडलंय, त्याला या शहाण्यांनी धरून जागं केलं होतं. चोर शिरल्यावर दचकून उठलेल्या माणसासारखा दिसत होता बिचारा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कसा वाटतंय, ताई?" भावाने विचारलं. "आधी झोपल्यासारखा दिसायचा. आता कसा फ्रेश वाटतो ना?"

"अरे, तो ध्यानाला बसला होता," मी म्हटलं. "आणि तुझा फ्लेक्स लागल्यावर तर कुणीही डोळे मिटूनच घेईल."

तो हसला. त्याला ते कौतुक वाटलं असावं. त्याच्याशी बोलण्याच्या नादात आईचा हात माझ्या हातातून सुटला. ती सवयीने पुढे झाली होती. मी तिला मागे ओढणार, तोवर तिची बोटं कपाळावर पोहोचली. रंगावरून बोटं घसरली. मग अंगठा खाली आला आणि चांदीच्या पत्र्याच्या कडेला अडला. तिने पुन्हा चाचपून बघितलं. आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला.

"ह्यो कोन गो?"

भाऊ लगबगीने पुढे आला. "काकी, आपलाच देव हाय. डोळे बसवलेत त्याला, चांदीचे. आता तो तुला बगतंय."

आई पदराने अंगठा पुसत म्हणाली, "मंग त्यानं मना वलखला कसा नाय?"