गिऱ्ह्याने बदललेला बाबा

मी आखातातल्या मआमीरच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर आहे, गोष्टी सांगणं हा काही माझा धंदा नव्हे. पण मुलगी दोन वर्षांची असताना इकडे आलो, मधली लीव्ह कामापायी हुकली, आणि व्हिडिओ कॉलवर पोरीशी बोलायचं तरी काय? "जेवलीस?" "जेवले." "शाळेत गेलीस?" "गेले." संपलं! फोन आईच्या हातात देऊन पोर पसार. म्हणून दर शुक्रवारी संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी, मी तिला गिऱ्ह्याची गोष्ट सांगायला लागलो.

गिऱ्हा म्हणजे आमच्या कोकणातलं पाण्यातलं भूत. लबाड जात. माझा गिऱ्हा खाडीच्या तळाशी राहायचा, माणसं पळवायचा आणि त्यांच्या जागी आपल्यातला एकेक, हुबेहूब तसाच, घरी पाठवून द्यायचा. गोष्टीतली पोरगी एका खेकड्याला बरोबर घेऊन आपल्या माणसांना सोडवायला निघालेली. तिकडे माझी पोर फोनला नाक लावून बसायची. "मग रे बाबा? मग?" काय सांगू, आठवडाभर वेल्डिंग करताना मी पुढचा भागच जुळवत असायचो.

एकदा तिने विचारलं, "पण बदललेला माणूस ओळखायचा कसा?" आली का पंचाईत! सुचलं ते ठोकून दिलं. "तो आपल्यासारखाच दिसतो, आपल्यासारखंच बोलतो. पण मधेच त्याच्या मुलखाचा शब्द तोंडातून निसटतो. तो ऐकला की समजायचं." जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

चार वर्षांनी लीव्ह मिळाली. पोर दारातच येऊन बिलगली, मी तिला खांद्यावर घेऊन अख्खी वाडी फिरवली. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या ताटाला लागून जेवायला बसली. जेवण झाल्यावर तिने लाडू मागितला. मी डबा उघडून बघितला आणि म्हटलं, "मफी." मफी म्हणजे इकडच्या अरबीत नाही, चार वर्षं दिवसभर हेच तोंडात. वर "यल्ला, चल, हात धू" म्हणून तिला उठवायला गेलो. ती उठली आणि आईच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

"आई, हा माझा बाबा नाय."

बायको हसली. मीही हसलो, गाढवच मी. डोळे मोठे करून "होय, मी गिऱ्हा!" असंही म्हणालो. झालं, पोर जी किंचाळत सुटली ती थांबेचना.

त्या दिवसापासून ती मला "तुम्ही" म्हणायची. "तुम्हाला आई बोलावते." सहा वर्षांची पोर, सख्ख्या बापाला अहो-जाहो! मी समजावलं, ओरडलो, एकदा रागाच्या भरात तिची बाहुली आपटली, मग परसात जाऊन रडलो. पुढची गोष्ट सांगू का म्हटलं तर म्हणाली, "ती माझा बाबा सांगतो." बायको म्हणायची, होईल सवय. सवय व्हायला दिवस कुठे उरले होते? निघताना पोरीने शहाण्यासारखा हात हलवला, पाव्हण्याला हलवतात तसा.

इकडे आल्यावर पहिल्या शुक्रवारी कॅम्पच्या जिन्यात बसून फोन लावला. वाटलं, येणारच नाही. तर धावत आली, स्क्रीनभर तोंड.

"बाबा! तू सुटलास?" मग आवाज बारीक करून म्हणाली, "तो आला होता ना इथे. तुझे कपडे घालायचा. मी त्याला काहीच सांगितलं नाय."

अगं, तो मीच होतो, असं अगदी ओठांवर आलं होतं. तिच्या मागे बायको तोंडावर हात ठेवून उभी. सांगितलं असतं तर फोनवरचा बापही खोटा ठरला असता. एवढा एकच उरला होता तिच्याकडे, आणि माझ्याकडेही.

"सुटलो," मी म्हटलं.

काय खूश झाली पोर! मग जरा विचार करून म्हणाली, "पण तू इथे येऊ नको हां बाबा. तू निघालास की ते तुला वाटेतच धरतात आणि त्याला पाठवतात. तू तिथेच राहा, कायमचा. गळ्याला हात लावून सांग."

मी गळ्याला हात लावला. "नाय येत," म्हटलं.